प्रेक्षकांतून उठलेली सासू

कादंबरीतली वकीलीण कधी झेरॉक्सच्या रांगेत उभी नसते. तिची फाईल आपोआप तिच्या टेबलावर येते, साक्षीदार ठरल्या तारखेला हजर असतो, खटला अर्ध्यावर असताना न्यायाधीशांची बदली होत नाही. तिच्या गाडीचे ब्रेक कुणीतरी कापतं, तिला निनावी फोन येतात, आणि शेवटच्या वीस पानांत ती असा एक प्रश्न विचारते की खरा गुन्हेगार भर कोर्टात घाम पुसायला लागतो. अशा कादंबऱ्या मी कॉलेजात असताना अधाशासारख्या वाचल्या. लाखनीच्या आमच्या घरी मुलीनं बी.एड. करावं असं ठरलेलं होतं. वाचनालयातून आणलेल्या त्या पुस्तकांनी माझं डोकं फिरवलं आणि मी नागपूरला जाऊन एलएल.बी. झाले. वडील राईस मिलमध्ये कामाला होते. ते एवढंच म्हणाले, "भांडायचंच हाय तर मंग रीतसर भांड."

बत्तीस वर्षं झाली, मी रीतसर भांडते आहे. भंडाऱ्याचं जिल्हा कोर्ट, शिवाय लाखनी आणि तुमसर. फौजदारी काम, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूनं. या अंकाच्या संपादकांनी फोन करून "तुमच्या वकिलीतला थरार लिहा" म्हटलं तेव्हा मला हसू आलं. माझ्या गाडीचे ब्रेक कुणी कापले नाहीत. पहिली बारा वर्षं तर गाडीच नव्हती. निनावी फोन म्हणाल तर एकच आला होता, आणि तो माणूस बोलता बोलता स्वतःचं नाव सांगून बसला. थरार म्हणावा असा प्रसंग एकदाच घडला, आणि तोही माझ्याच चुकीनं. तो सांगते.

त्याआधी आमचा धंदा काय असतो ते सांगायला हवं, कारण लोकांचा त्याबद्दल फार गैरसमज आहे. गुन्हा झाला हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारी वकिलांची. मी काही सिद्ध करायचं नसतं. त्यांनी उभ्या केलेल्या भिंतीत भोक कुठे आहे ते मी दाखवायचं. ते दाखवायचं हत्यार म्हणजे उलटतपासणी. उलटतपासणी म्हणजे साक्षीदारावर ओरडणं, टेबलावर हात आपटणं, असं लोकांना वाटतं. ओरडलं की साक्षीदार सावध होतो. मी घटनेची जागा आधी पायी फिरून येते, पोलिसांनी लिहिलेला जबाब पाठ होईपर्यंत वाचते, आणि मग साक्षीदाराशी त्याच्याच बोलीत, गोडीनं बोलते. गावाकडच्या माणसाला कोर्टाच्या मराठीत प्रश्न विचारला की तो हात बांधून उभा राहतो. "काय जी भाऊ, कुठं निंगाले होते?" म्हटलं की सगळं सांगतो. आणि हवं ते मिळालं की मुकाट खाली बसायचं. हे शेवटचं काम सगळ्यात कठीण. त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही.

सुरुवातीला पक्षकार माझ्या खोलीत यायचे, इकडेतिकडे बघायचे आणि विचारायचे, "वकील साहेब केव्हा येतेत?" मी म्हणायची, आलेत, बसा. मग ते काळजीत पडून बसायचे. पाच-सात वर्षांनी तेच लोक दुसऱ्यांना घेऊन यायला लागले. "बाई हाय, पन कामाची हाय," अशी माझी ओळख करून द्यायचे. त्या 'पन'चा मला आधी राग यायचा, नंतर सवय झाली. आता तर तो 'पन' गेल्याचं थोडं वाईट वाटतं.

मग ते नाटक आलं.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाहुणे, दंडारीचे नाचगाण्याचे खेळ, आणि त्यानंतर नाटक. जिच्या घरी मंडईला पाहुणे आले नाहीत ती बाई वर्षभर बोलून दाखवते. नाटक कसं हवं, तर रडवणारं, हसवणारं आणि पहाटेपर्यंत चालणारं. अशी नाटकं लिहिणारे एक मोरेश्वर गुरुजी लाखनीजवळच्या एका खेड्यात शिक्षक होते. ते एका शनिवारी वहीचं बाड घेऊन माझ्याकडे आले. नाटकाची नायिका वकीलीण होती. नाव 'कोट काळा, शपथ कुंकवाची'.

"म्याडम, कायद्याच्या चुका काढून द्या," गुरुजी म्हणाले.

मी वही वाचली. पहिल्याच अंकात वकीलीणबाई न्यायाधीशांना 'मीलॉर्ड' म्हणून गाणं म्हणत होत्या. मी म्हटलं, गुरुजी, भंडाऱ्यात मी कुणाला मीलॉर्ड म्हटलं तर साहेब मला बरं नाही असं समजून तारीख देतील. गुरुजी म्हणाले, "मीलॉर्ड काढलं त नाटक पडन जी." ते राहिलं. मग मीच आशा सोडली आणि माझ्यातली कॉलेजातली मुलगी जागी झाली. शेवटच्या अंकात खुनाच्या आरोपात सापडलेल्या निरपराध सुनेला वकीलीण सोडवते, पण कशी ते गुरुजींना सुचत नव्हतं. मी म्हटलं, असं करा. साक्षीदार उघडा पडला की वकीलीणबाईंना वळू द्या आणि प्रेक्षकांकडे बघून विचारू द्या, 'मग खून केला कोणी?' आणि सासूचं काम करणाऱ्या बाईला आधीपासून खऱ्या प्रेक्षकांत नेऊन बसवा. ती तिथूनच उठेल आणि ओरडेल, 'मी केला!'

गुरुजींनी माझ्या पाया पडायचंच बाकी ठेवलं.

नाटक धो धो चाललं. सासू प्रेक्षकांतून उठायची तेव्हा बायका किंचाळायच्या म्हणे. गुरुजींनी प्रत्येक गावी माइकवरून माझे आभार मानले, त्यामुळे मी 'नाटकातली वकीलीन' झाले. त्याचे चटकेही बसले. लाखनीला हायवेवरच्या एका चहावाल्याची मारामारीची केस होती. ट्रकच्या क्लीनरशी भांडण, किरकोळ काम. मी चार प्रश्न विचारले, फिर्यादीनंच कबूल केलं की पहिली थप्पड त्याची, आणि माझा चहावाला सुटला. बाहेर येऊन पेढे देण्याऐवजी तो नाराज होऊन उभा.

"काय झालं?" मी विचारलं.

"सुटलो ते बरं झालं म्याडम," तो म्हणाला, "पन तुमचा आवाजच नाही चढला. आमचे पाहुने आले होते आयकाले."

मी त्याला झापलं. पण खोटं कशाला बोलू, घरी आल्यावर आरशासमोर उभी राहून टेबलावर हात आपटून बघितला. जमत होतं.

आता मंगलाची गोष्ट.

आंबागडच्या बाजूला एक लहान गाव आहे, तलावाच्या खाली धानाची शेती. तिथल्या एका मंडईच्या दुपारी पुरुषोत्तम नावाच्या शेतकऱ्याचं पुंजणं जळालं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे धान कापला की तो तीन-चार दिवस बांधीत, म्हणजे खाचरातच वाळू देतात. मग त्याचे भारे बांधून खळ्यावर आणतात आणि मळणी होईपर्यंत नीट रचून ठेवतात. त्या रचलेल्या ढिगाला पुंजणं म्हणतात. वर्षाचं पोट त्यात असतं. आमच्या भागात एखाद्याचं डोकं फोडलेलं लोक विसरतील, पण पुंजणं जाळलेलं तीन पिढ्या विसरत नाहीत. पुरुषोत्तमच्या पुंजण्याबरोबर खळ्यावरची झोपडीही जळाली, म्हणून खटला मोठा झाला आणि सत्र न्यायालयात आला. शिक्षा झाली तर काही वर्षांची झाली असती.

आरोपी मंगला. पुरुषोत्तमच्या चुलतभावाची बायको, वय अठ्ठावीस. दोन घरांत धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून वाद होता, एकमेकांच्या खळ्यावर जाणंयेणं बंद होतं. नवरा नागपूरला बांधकामावर. घरी मंगला, तिची चार वर्षांची मुलगी आणि सासू सखूबाई. मंगला जामिनावर होती. तिचं म्हणणं एवढंच की मुलीला ताप होता म्हणून ती मंडईला गेली नाही, घरीच होती, खळ्याकडे फिरकलीसुद्धा नाही. सगळं गाव मंडईत, त्यामुळे ती घरी होती हे सांगायला कुणी नाही. आणि देवाजी नावाच्या गावकऱ्यानं जबाब दिला होता की त्यानं मंगलाला खळ्यावरून पळताना पाहिलं.

मंगला फार बोलायची नाही. प्रत्येक तारखेला सासू-सुना पहिल्या एसटीनं येऊन कोर्टाच्या आवारात बसलेल्या असायच्या. सखूबाई बारीक, काटक, पासष्टीच्या पुढची. दोघी डब्यातली भाकर अर्धी अर्धी खायच्या. सासू-सुनेचं असं जुळलेलं मी कोर्टाच्या आवारात फारसं पाहिलेलं नाही. तिथे त्या बहुधा समोरासमोरच्या बाकांवर असतात.

मी गावी जाऊन आले. देवाजी जिथून पाहिलं म्हणत होता त्या तलावाच्या पारीवर, म्हणजे मातीच्या भरावावर, स्वतः उभी राहिले. खळं समोर होतं, पण मध्ये बेशरमाच्या झुडपांचं असं दाट बन की मला खळ्याची फक्त वरची किनार दिसली. मी तिथेच मनात म्हटलं, सुटली पोरगी.

देवाजीच्या साक्षीच्या दिवशी कोर्टात गर्दी होती. मंगलाच्या गावच्या दहा-बारा बायका काळीपिवळी करून आल्या होत्या. त्यांना मंगलापेक्षा मला बघायचं होतं. मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि मी उठले तेव्हा त्यांच्यात कुजबुज झाली. खरं सांगते, मला बरं वाटलं.

"देवाजीभाऊ, मंडईले निंगाले होते ना तुमी?"

"हो जी."

"पारीवरून?"

"पारीवरूनच रस्ता हाय जी."

"तिथून खळं दिसते?"

"दिसते ना जी. समोरच हाय."

"मंधात बेशरमाचं बन हाय ते मानसाच्या वर हाय का खाली?"

देवाजीनं सरकारी वकिलांकडे बघितलं. "वर असन जी."

"मंग त्याच्या पलीकडं काय दिसलं?"

"बाई पळतानी दिसली जी. बनाच्या बाजूनं निंगाली. हिरवं लुगडं होतं."

"तोंड पाह्यलं?"

"नाही जी. पाठमोरी होती."

"मंडईच्या दिवशी गावात हिरवं लुगडं एकटीचंच होतं का?"

"लय जनींचं असते जी."

झालं. इथे मी खाली बसायला हवं होतं. बत्तीस वर्षांत हजार वेळा मी अशा वेळी खाली बसले आहे आणि नवशिक्या वकिलांनाही तेच शिकवलं आहे. पण पाठीमागे त्या बायका होत्या. माझा हात आपोआप कोटाच्या कॉलरला गेला. मी वळले, मागच्या बाकांकडे पाहिलं आणि आवाज चढवून विचारलं, "चेहरा कोणी पाहिला नाही. मग आग लावली कोणी?"

शब्द तोंडातून गेला आणि शेवटच्या बाकावरून सखूबाई उठली.

"मीनं लावली!" ती ओरडली. "मीनं लावली, साहेब! मंगला त मले आवरून राहिली होती. तिचा काही दोष नाही. मले न्या!"

नाटकातलं वाक्य. शब्दाला शब्द, फक्त खुनाच्या जागी आग आणि सुनेचं नाव बदललेलं. बायकांपैकी एकीनं चक्क टाळी वाजवली.

मला घाम फुटला. कादंबरीत तो गुन्हेगाराला फुटतो. सखूबाईच्या बोलण्याचा अर्थ बाकी कुणाला कळायच्या आत मला आणि सरकारी वकिलांना कळला होता. मंगला खळ्यावर नव्हतीच, यावर आमचा सगळा बचाव उभा होता. आणि सासू आता भर कोर्टात सांगत होती की मंगला तिथे होती, तिला आवरत होती. देवाजीला जे जमलं नाही ते तिनं एका दमात केलं होतं, सुनेला वाचवायला म्हणून.

न्यायाधीश साहेब शांत माणूस. त्यांनी चष्मा काढला. "वकील मॅडम, तुमचा प्रश्न साक्षीदाराला होता की सभागृहाला?"

मी माफी मागून खाली बसले. सरकारी वकील माझे जुने स्नेही, पण स्नेह आपल्या जागी. त्यांनी लगेच अर्ज दिला की या बाईला साक्षीला बोलवावं. साहेबांनी तो मंजूर केला आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

बाहेर आवारात मी सखूबाईला गाठलं. ती घामाघूम झाली होती, पण चेहऱ्यावर समाधान.

"आजी, हे काय केलं तुम्ही?"

"नाटकात असंच होते ना जी. बुढी उठते, सून सुटते. दोनदा पाह्यलं मीनं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मले जेल झाली त झाली. माह्ये किती दिवस राह्यले? हिच्या पदरात लेकरू हाय."

"तुम्ही खरंच तिथे होता?"

"मी मंडईत होती. पाहुन्यांचं पाहून राहिली होती."

"मग तुम्हाला असं का वाटलं की कुणीतरी स्वतःवर घ्यायला हवं?"

सखूबाईनं मान खाली घातली. "त्या दिवशी सकाळी इच्याच तोंडून निंगालं होतं. जळो याचं पुंजनं, म्हनून. आन् दुपारी जळलं."

मंगला दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ती सासूकडे न बघता मला म्हणाली, "म्याडम, म्हंजे आत्याबाईले वाटते का, मीनंच लावली?"

मी म्हटलं, "आधी केस वाचवू. ते घरातलं मग बघू."

हे वाक्य आठवलं की आजही माझं मला बरं वाटत नाही. त्या प्रश्नापाशी मी तिथेच थांबायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात तेव्हा फक्त तीन आठवडे होते.

सखूबाईला समजावून शब्द मागे घ्यायला लावणं मला शक्य नव्हतं. साक्षीदाराला वकिलानं पढवलं असं झालं असतं, आणि ती ऐकणारही नव्हती. "कोर्टात बोलली ते बोलली. पलटली त लोक शेन घालतीन तोंडात," असं तिनं ठणकावून सांगितलं. त्यानंतर त्या दोघी तारखेला आल्या त्या वेगवेगळ्या बाकांवर बसायला. डबे दोन होते.

तेव्हा राहिला एकच रस्ता. माझ्याच पक्षकाराच्या सासूला, जिचा जीव सुनेत अडकला होता तिला, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मी खोटी पाडायची.

मी पोलिसांचा पंचनामा पुन्हा वाचायला घेतला. सातव्या की आठव्या वाचनाला एक ओळ सापडली. इतक्या वेळा डोळ्यांखालून गेली होती, पण मला तिची गरज पडली नव्हती. जळालेल्या पुंजण्याची राख लांबट पसरली होती, लांबी बारा हात, रुंदी चार हात. सोबत फोटो. मंगलाच्या गावात मी पाहिलेली सगळी पुंजणी गोल होती. त्या गावात तशीच रचतात, आजोबा-पणजोबांपासून. मी माझ्या सहायक वकिलाला पाठवून चौकशी केली. त्या वर्षी पुरुषोत्तमला गावात मजूर मिळाले नाहीत, म्हणून त्यानं बाहेरून माणसं आणली होती आणि त्यांनी त्यांच्या पद्धतीनं लांब पुंजणं रचलं होतं. जो त्या खळ्यावर गेला असेल त्यालाच हे दिसलं असतं.

तारखेला सखूबाई पिंजऱ्यात उभी राहिली. नवं लुगडं नेसून आली होती. सरकारी वकिलांच्या प्रश्नांना तिनं ठासून उत्तरं दिली. मी गेली, मी लावली, सुनेनं आवरलं. मग मी उठले. या वेळी मागे वळून बघितलं नाही.

"आजी, किती वर्सं झाली धान कापून राहिल्या?"

"लगन झालं तवापासून. पन्नास झाले असतीन."

"पुंजनं रचता येते?"

ती हसली. "माह्यासारखं गोल पुंजनं गावात कोनाचं नाही."

"पुरुषोत्तमचं पुंजनं तुमी जवळून पाह्यलं?"

"मंग? जवळ गेल्याबिगर लावली का आग?"

"कोन्या अंगानं लावली?"

"खालून. सभोती फिरून लावली."

"सभोती म्हंजे कसं? लांब होतं का गोल?"

"गोल," सखूबाई क्षणाचाही विचार न करता म्हणाली. "पुंजनं गोलच राह्यते बाई. लांब कोन रचते?"

मी फोटो साहेबांसमोर ठेवला आणि नंतर तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. पन्नास वर्षं धान रचणाऱ्या बाईला राखेवरून पुंजण्याचा आकार सांगावा लागत नाही.

"आजी, तुमी त्या खळ्यावर गेल्याच नोहत्या ना?"

तिनं फोटो उलटा करून कठड्यावर ठेवला.

"तुमी मंडईत होत्या. मंगला कुठं होती ते तुमाले मालूम नाही."

"नाही," ती पुटपुटली.

"मंग तुमी त्या दिवशी इथं जे बोलल्या ते कुठं आयकलं होतं?"

"नाटकात." आणि मग मान वर करून, पूर्ण कोर्टाला ऐकू जाईल अशा आवाजात, "तुमीच सांगतलं होतं म्हने ते मास्तरले."

स्टेनोनं टाइप केलं. ती ओळ आजही त्या कागदपत्रांत आहे: 'सदर नाटकातील प्रसंग आरोपीच्या वकिलांनी सुचविला होता, हे मला माहीत आहे.' माझ्या वकिलीतली एवढी खरी साक्ष दुसरी नाही. सरकारी वकील खिडकीबाहेर बघत होते. साहेबांनी सखूबाईला कडक शब्दांत समज दिली, खोट्या साक्षीबद्दल काय होऊ शकतं ते सांगितलं आणि वयाकडे बघून सोडून दिलं. मागच्या बाकावर त्याच बायका होत्या. सखूबाई पिंजऱ्यातून उतरून त्यांच्यापाशी आली तेव्हा एकीनंही तिला बसायला जागा दिली नाही.

दीड महिन्यानं निकाल लागला. मंगला निर्दोष. देवाजीनं चेहरा पाहिला नाही, सासू तिथे नव्हती, आणि दुसरा पुरावा नाही. आग कोणी लावली ते मला अजून माहीत नाही. कादंबरीच्या वाचकांनी मला माफ करावं.

निकालानंतर मी फाईल काखोटीला मारून बाहेर आले. चांगलं काम झाल्यावर मी जरा ताठ चालते, तशी चालत होते. आवारात मंगला उभी होती, तिच्यापासून चार हातांवर सखूबाई. मंगला माझ्या पाया पडली. मग उभी राहून म्हणाली, "म्याडम, कोर्टानं सांगतलं मीनं नाही लावली म्हनून. आता आत्याबाईले तुमी सांगा."

काय सांगणार? आम्हा आरोपीच्या वकिलांचा एक जुना रिवाज आहे. पक्षकाराला 'तू केलंस का?' असं विचारायचं नाही. पोलिसांकडे काय आहे ते विचारायचं, जागा कुठली, वेळ कुठली, साक्षीदार कोण ते विचारायचं. तो एक प्रश्न आपल्या कामाचा नसतो, उलट अडचणीचा असतो. त्या रिवाजाचा मला अभिमान होता. आरोप ठेवला त्या दिवशी कोर्टानं मंगलाला 'गुन्हा कबूल आहे का?' असं वाचून दाखवलं होतं आणि मी शिकवल्याप्रमाणे ती 'नाही' म्हणाली होती. तेवढंच. पोलिसांनी तर विचारायच्या आधीच धरून नेलं होतं.

सखूबाई माझ्याकडे बघत होती. "तुमी तरी इचारलं होतं का जी तिले?"

"नाही," मी म्हटलं. "वकील विचारत नाही."

"दोन वर्सांत कदीच नाही?"

"कधीच नाही."

"मीनं बी नाही इचारलं," सखूबाई म्हणाली. "भ्याव वाटे. हो म्हनली त?"

मग ती ते चार हात चालून सुनेजवळ गेली. मंगला तिच्यापेक्षा उंच होती, म्हणून सखूबाईला मान वर करावी लागली.

"पोरी, लावली का तूनं?"

"नाही, आत्याबाई."

सखूबाईनं तिच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली. "मंग चाल," ती म्हणाली. "तुमसरची गाडी लागली असन."